पावसात खोला, थंडीत रंगवा : घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार नवी करताना

माझी पहिली गिटार मी जुलैत रंगवली. बाहेर धो धो कोसळत होता, पडवीत वाशाला बॉडी टांगलेली, आणि काळ्या लॅकरचा हात मारून मी खुशीत चहा प्यायला आत गेलो. परत येतो तो काळ्यावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर. फडक्याने पुसला, जाईना. शेजारी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, आहे. तिथले काका गडग्यापाशी थांबले, बॉडीकडे बघितलं आणि म्हणाले, "झिला, ह्या पावसात रंग मारतंस? सुकतलो कसो तो?"

मी म्हटलं, तुमचे गणपती नाही का याच पावसात रंगत? रंगतात, पण तो पाण्यातला रंग, आणि तोही मोठमोठ्या बल्बांच्या उबेत. लॅकरचं तसं नाही. त्यातला थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करून जातो. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच इथे ओल्या रंगावर होतं. ते पाणी लॅकरात अडकलं की पांढरं दिसतं. तेव्हा कोकणात गिटार रंगवणाऱ्याने रंग कुठला घ्यायचा हे नंतर ठरवावं, आधी महिना ठरवावा.

माझं वेळापत्रक आता पक्कं आहे. जून ते सप्टेंबर गिटार खोलायची, वायरिंग करायचं, लागणारे भाग मागवायचे, खड्डे बुजवायचे. ऑक्टोबरात भात कापायला येतं तेव्हा ऊन कडक असतं, पण जमिनीतली ओल अजून वर येत असते, म्हणून मी थांबतो. रंग नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात. त्याआधी दव असतं म्हणून नाही. आणि तुळशीपुढे दिवा लागायच्या आत हात धुऊन मोकळं व्हायचं, कारण एक तर तिन्हीसांजेला हवा पुन्हा दमट होते, आणि दुसरं म्हणजे अंगणात थिनरची वाफ आणि पेटता दिवा एकत्र नकोत. ओलावा मोजायचा छोटा डिजिटल मीटर चारशे रुपयांच्या आत मिळतो. माझा नियम : आकडा ६५ टक्क्यांच्या वर असला तर डबा हलवायचासुद्धा नाही.

कुठली गिटार घ्यावी

पहिल्या प्रयोगाला स्वस्तातली, वापरलेली, नेक (तारांखालचा लांब दांडा) बोल्टने बसवलेली गिटार घ्या. म्हणजे मागे पत्र्याची चौकोनी पट्टी आणि चार स्क्रू असलेली. ते चार स्क्रू काढले की बॉडी आणि नेक वेगळ्या होतात आणि काम निम्मं सोपं होतं. नेक बॉडीला चिकटवलेली असेल तर रंगवताना सगळी लांबी सांभाळत बसावं लागतं. काकांनी गल्फमधून आणलेली तीस-चाळीस वर्षांपूर्वीची चांगली गिटार घरात असेल तर तिला हात लावू नका. जुन्या गिटारचा मूळ रंग, तो कितीही खरचटलेला असो, तिच्या किमतीचा भाग असतो. नवा रंग दिला की किंमत उतरते.

खोलणं

आधी फोटो. समोरून, मागून, आणि पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) उचलल्यावर आतल्या वायरींचे चार-पाच, जवळून. कुठली वायर कुठल्या पायाला हे डोक्यात राहील असं वाटतं, राहत नाही. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारांची उंची मोजून लिहून ठेवा, पुन्हा जुळवताना उपयोगी पडते.

तारा एकदम कापू नका, एकेक करत सैल करा. मग नेकचे स्क्रू, पिकगार्ड, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), जॅक (केबल खुपसायची जागा). स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा हवा. लहान वापरलात तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि तो स्क्रू पुढे जन्मभर तुमच्याकडे बघून हसतो. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या काडेपेटीत टाका आणि वर पेनने नाव लिहा. पिकगार्डचे, तारा पिळायच्या खुंट्यांचे आणि नेकचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. नेकचा लांब स्क्रू चुकून दुसरीकडे फिरवलात तर तो थेट आरपार निघेल.

एक वायर बहुतेक जण तोडतात, ती म्हणजे ब्रिजला जाणारी अर्थिंगची. स्ट्रॅटसारख्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीच्या) गिटारात ती मागच्या खाचेत, स्प्रिंगा धरणाऱ्या लोखंडी पंजाला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, लावलेली असते. ती आणि जॅकच्या दोन वायरी सोल्डरिंग आयर्नने सोडवा, ओढू नका.

जुना रंग काढायचा की नाही

इथे माझं मत ठाम आहे : काढू नका. आजच्या बहुतेक स्वस्त गिटारांवर पॉलिएस्टर नाहीतर पॉलियुरेथेनचा जाड, काचेसारखा थर असतो. त्याच्यावर हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर फारसा चालत नाही. हीट गनने तो मऊ होऊन पापुद्र्यासारखा निघतो खरा, पण एका जागी दोन सेकंद जास्त थांबलात की खाली लाकूड करपतं, आणि जी वाफ निघते ती छातीत घ्यायच्या लायकीची नसते. शिवाय खाली काय असेल याची खात्री नाही. माझ्या दुसऱ्या गिटारचा लाल रंग मी अख्खा रविवार घालवून उतरवला. वाटलं होतं, खालून छान रेषांचं लाकूड निघेल आणि वर नुसतं पॉलिश मारू. निघाले पाच तुकडे, पाच वेगवेगळ्या छटांचे, मध्ये चिकटवलेले आणि सांध्यांवर लांबी (पुटी) थापलेली. कारखान्याने तो लाल रंग उगाच इतका जाड दिला नव्हता.

तोच जुना थर घट्ट असेल, कुठे सुटत नसेल, तर नव्या रंगाला त्याच्यासारखा पाया नाही. त्याने लाकडाची छिद्रं आधीच बुजवलेली असतात. तुम्ही फक्त त्याची चकाकी मारायची. लाकूडच दाखवायचं असेल तर मात्र सगळं काढावं लागतं, आणि ते पहिल्या वेळेचं काम नव्हे.

घासणं आणि भरणं

पॉलिश पेपर २४० नंबरचा फक्त खरचटलेल्या जागी, बाकी सगळीकडे ३२०, आणि शेवटी ४००. सपाट भागाला पेपर लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघांइतक्या खाचा पडतात आणि त्या चकचकीत रंगाखाली उठून दिसतात. कडांवर हात हलका ठेवा, तिथला थर सगळ्यात आधी फाटतो. झालं की नाही हे कसं ओळखायचं? बॉडी उजेडाकडे तिरकी धरा. जिथे चमकतंय तिथे घासलं गेलेलं नाही. सगळीकडे एकसारखी भस्म फासल्यागत मळकट छटा आली की पुरे. तोंडाला मास्क हवाच, आणि फडकं नव्हे, एन-९५.

खड्ड्यांसाठी गाड्यांना वापरतात ती लांबी घ्या, हार्डनरची ट्यूब सोबत येते ती. थोडीशीच कालवा, आपल्या उकाड्यात ती दहा मिनिटांत दगड होते. जुन्या रंगाचा लहानसा टवका उडाला असेल तर फेव्हीक्विकचे दोन-तीन थेंब, वाळल्यावर घासून सपाट.

या टप्प्यावर पाणी लावून घासायचा मोह होतो, कारण धूळ उडत नाही. पण स्क्रूच्या भोकांतून पाणी लाकडात शिरलं तर भोकाभोवती लाकूड फुगतं आणि वरच्या रंगाला वर्तुळाकार भेग जाते. सध्या कोरडंच घासा.

शेवटी नेक जिथे बसते तो खळगा आणि पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांच्या) खाचा मास्किंग टेपने बंद करा. नेकच्या खळग्यात रंगाचा थर चढला तर नेक बसत नाही. ठोकून बसवलीत तर कडेचा रंग तडकतो.

रंग मारणं

आता थोडं विषयांतर. आपल्याकडचे सुतार आणि गॅरेजवाले अजून 'डुको' म्हणतात, कुठल्याही चकचकीत फवारणीच्या रंगाला. डुको हे मुळात ड्यूपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव, १९२०च्या दशकात मोटारींसाठी काढलेलं. आणि अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५० आणि ६०च्या दशकांत आपल्या गिटारांना जे खास रंग दिले, तेही याच मोटारींच्या रंगांतले होते. फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्ड गाडीचा लाल. म्हणून गिटारच्या रंगाचा सल्ला हवा असेल तर शहरातलं वाद्यांचं दुकान शोधत फिरू नका, नाक्यावरच्या गॅरेजात गाड्या रंगवणाऱ्याकडे जा. त्याला ओलावा, थिनर, धूळ सगळं कळतं. मी माझा निळा त्याच्याकडूनच जुळवून घेतला.

नवख्याने स्प्रेचे तयार डबे घ्यावेत, ॲक्रिलिकचे. एका बॉडीला ४०० मि.लि.चा प्रायमरचा एक, रंगाचे दोन, क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) दोन किंवा तीन. तिन्ही शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच जातीचे. इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुततो, जुन्या आजीबाईच्या हातासारखा, आणि मग सगळं उतरवण्याखेरीज इलाज नाही. शंका असेल तर फळीच्या तुकड्यावर आधी मारून एक रात्र बघा.

दोन भाग मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, गाड्यांना मारतात तो, फार टिकाऊ आणि चकचकीत असतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणीत ते श्वासात गेलं तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. साध्या मास्कने ते अडत नाही. तो हवाच असेल तर रंगवलेली बॉडी त्या गॅरेजवाल्याला द्या, क्लिअर तो मारेल. साध्या डब्यांनासुद्धा कोळशाची कार्ट्रिज असलेला मास्क वापरा आणि उघड्यावर काम करा.

नेकच्या खळग्यात जुन्याच स्क्रूभोकांतून एक हातभर लांब लाकडी पट्टी घट्ट बसवा. ती मूठही होते आणि टांगायचा आकडाही. आमच्याकडे बॉडी पडवीच्या वाशाला टांगतो. अंगणात आंब्याखाली टांगू नये. मोहोर धरायच्या दिवसांत झाडाला तुडतुडे असतात आणि ओला रंग त्यांना फार आवडतो. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडायची पद्धत आहे. शिंपडा, पण तासभर आधी आणि हलकंच, नाहीतर स्वतःच ओलावा वाढवून ठेवाल.

डबा दोन मिनिटं हलवा. थंडीच्या दिवसांत तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल असं. चुलीजवळ डबा न्यायचा नाही. अंतर वीतभर, २० ते २५ सें.मी. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, हात सरळ रेषेत फिरवत बॉडीवरून न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट उचलायचं. बॉडीवरच सुरू करून बॉडीवरच थांबलात तर दोन्ही टोकांना रंग साचतो आणि ओघळ येतो. आधी कडा, मग मागची बाजू, मग पुढची. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसायला हवं, त्याला मी 'धुकं' म्हणतो. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, तेवढ्याच वेळाने तिसरा. बस. त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही.

प्रायमर झाल्यावर एक दिवस थांबून ४०० नंबरने हलकं घासा. मग रंग, दोन दिवसांत सहा हात. रंग घासायची गरज नाही, धुळीचा कण असेल तर तेवढाच. मग क्लिअर, तीन दिवसांत आठ-नऊ हात. पुढे घासून पॉलिश करायचं तर जाडी हवी. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका. आठवडा जाऊ द्या, मग ठोकळ्याने सपाट करा. आणि पांढुरकी साय आलीच तर घाबरू नका : कोरड्या दुपारी त्यावर थिनरचा अगदी पुसट फवारा मारला की लॅकर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेला ओलावा निघून जातो. माझी ती काळी गिटार अशीच डिसेंबरात सुधारली.

थांबणं, मग पॉलिश

टांगलेली बॉडी तीन ते चार आठवडे तशीच राहू द्या. वरून चार तासांत सुकल्यासारखी वाटते, आत थिनर असतो. नाक जवळ न्या. वास येतोय म्हणजे वाळलेली नाही. वास गेल्यावर पिकअपच्या खाचेच्या कडेला, जी पिकगार्डखाली झाकली जाईल, तिथे नख दाबून बघा. ठसा उमटला तर अजून एक आठवडा.

मग वॉटर पेपर १०००, १५०० आणि २०००. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. आता पाणी चालतं, मात्र सगळ्या भोकांत आधी मेणबत्तीचं मेण दाबून भरा. कडांना पेपर लावूच नका. तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि मी दोनदा तिथूनच खालच्या पांढऱ्या प्रायमरपर्यंत पोचलोय. शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड, मऊ सुती फडक्यावर थोडं घेऊन, गोल गोल. हे काम हाताला रग लागेपर्यंत करायचं असतं, त्याला दुसरा मार्ग नाही.

पावसातलं काम : वायरिंग

हे खरं तर आधीच, रंगाच्या प्रतीक्षेत करून ठेवायचं. खाऱ्या हवेचा पहिला घाव पॉट (व्हॉल्यूम, टोनच्या नॉबखालचा फिरता भाग) आणि जॅकवर बसतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती बहुतेकदा त्यामुळेच. आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पॉटच्या फटीत मारून तो वीस वेळा मागेपुढे फिरवा. अनेकदा एवढ्याने भागतं. बदलायचाच असेल तर सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला २५० के (किलोओहम) आणि हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या) ५०० के ही नेहमीची जोडी. हा आकडा वाढला की आवाज जास्त उजळ येतो. टोनचा कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅराड. मागवण्याआधी पिकगार्डचं भोक मोजा : स्वस्त गिटारांतल्या छोट्या पॉटला ७-८ मि.मी. लागतं, मोठ्या पॉटला साधारण ९.५.

खाचांच्या आतून तांब्याची चिकटपट्टी लावली तर ट्यूबलाइट, पंखा यांची चरचर कमी होते. सगळे तुकडे एकमेकांना जोडलेले आणि एका जागी अर्थिंगला डागलेले हवेत, आणि जॅकचं 'गरम', म्हणजे सिग्नलचं, टोक त्या पट्टीला लागता कामा नये, नाहीतर आवाजच बंद. सिंगल कॉइलची स्वतःची गुणगुण मात्र याने पूर्ण जात नाही. जोडून झालं की ॲम्प लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकं टकटक करा. टकटक ऐकू आली म्हणजे तो जिवंत आहे. तारा चढवल्यावर त्यांना हात लावला आणि गुणगुण कमी झाली तर ब्रिजची वायर नीट बसली आहे. आणि जुन्या घरांत एवढं नक्की तपासा की सॉकेटला खरोखरच अर्थिंग आहे. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि त्या तुमच्या हातात असतात.

नॉबच्या बाबतीत थोडी हौस करा. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाखेच्या रंगाचं काम चालतं. कातकाम करणाऱ्याकडून लाकडी नॉब कातून घेतले तर असली गिटार दुसऱ्या कुणाकडे नसेल. जाताना पॉट सोबत न्या, दांडा ६ मि.मी.चा असतो, भोक किंचित सैल हवं.

पुन्हा जोडणं

स्क्रू जुन्या भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. 'टक' असा बारीक आवाज आला की जुने आटे सापडले, मग सरळ पिळा. जोर लागत असेल तर मेण लावा, साबण नको. साबण ओलावा ओढतो आणि आमच्याकडे तसा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून आतच तुटला होता. शक्य असेल तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

तारा चढवा, सुरात आणा, एक दिवस जाऊ द्या. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट बघा, साधारण पाव मि.मी., म्हणजे जेमतेम व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी. ही फट कमीजास्त करणारा ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची बारीक तारेला दीड आणि जाड तारेला दोन मि.मी.च्या आसपास ठेवून सुरुवात करा, आधी लिहून ठेवलेलं माप हाताशी असेलच. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून येणारा सूर) सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर जुळेपर्यंत ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) पुढेमागे करा : दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे. पावसाळा लागला की नेक थोडी हलते, तेव्हा हे माप जूनमध्ये पुन्हा बघावं लागतं.

गिटार बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टांगू नका, आषाढात ती भिंत पाझरते. आणि नव्या लॅकरची गिटार रबराच्या स्टँडवर ठेवू नका. रबरातलं रसायन लॅकर मऊ करतं. माझ्या निळ्या गिटारच्या पाठीला तसे दोन चट्टे आहेत, अंगठ्याएवढे. आता त्या स्टँडला आजोबांच्या जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली आहे.